नसलेल्या बाईची सवत

‘सुंदर’ हा शब्द कांचननं अच्युतच्या तोंडून ऐकला तो भर दुपारी, हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या एका अंधाऱ्या खोलीत, आणि तो तिच्यासाठी नव्हता. सकाळी चष्मा देवघराच्या फळीवर विसरून स्वारी निघून गेली होती. चष्मा नसला की त्याला जवळचं दिसत नाही, आणि जवळचं बघणं हाच तर त्याचा धंदा. अठ्ठावीस वर्षं हा माणूस बायकांच्या मॅमोग्राफीची चित्रं वाचत आलाय. म्हणून ती कचेरीतून तासाभराची सुट्टी काढून, चष्म्याचं घर पर्समध्ये टाकून तिथे पोचली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मोठ्या पडद्यासमोर दोन खुर्च्या, एकीवर अच्युत, दुसरीवर ऋचा, अयोध्या नगरहून स्कूटीवर येणारी ती नवी इंजिनिअर मुलगी, जिचं नाव गेले तीन महिने घरात चहाइतकं नियमित निघत होतं. पडद्यावर एक स्तन होता, एका बाजूनं दाबून घेतलेला, करडा, आत पांढऱ्या बारीक दोऱ्यांचं जाळं. अच्युत डोळे बारीक करून, मान होता होईल तेवढी मागे घेऊन बघत होता. तो म्हणाला, “ये तो सुंदर बनी है, ऋचा. बहुत सुंदर.” कांचननं दारावर टकटक केलं. त्यानं मागे पाहिलं आणि पहिली गोष्ट कुठली केली, तर चित्र बंद केलं.

“अरे, तू कशाला उन्हातान्हात आलीस?” तो म्हणाला. तिनं चष्मा टेबलावर ठेवला. ऋचानं मात्र उठून खुर्ची दिली. या मुलीचे वडील मोठ्या कारखान्यात नोकरीला म्हणून अकोल्याहून आलेले, पण हिचा जन्म इथला भोपाळचाच, त्यामुळे तिचं मराठी अर्धं वाटेतच हिंदीत उतरून जायचं. “बसा ना काकू. तुम्ही बघितलं? कशी वाटली?”

“कोणाची होती?” कांचननं विचारलं.

“कोणाचीच नाही. ही बाई हैच नाही, काकू. कंप्यूटरनं बनवलीय, पूरी की पूरी.”

मग तिनं ते समजावून सांगितलं, आणि कांचननं समजून घेतलं, कारण ती काही अडाणी नव्हती. रोग ओळखायला नव्या डॉक्टरांना शिकवायचं, यंत्रांनाही शिकवायचं, तर हजारो चित्रं लागतात. आपल्याकडच्या बायका तपासणीला येतच नाहीत, आल्या तर त्यांची चित्रं कोणालाही वाटता येत नाहीत. म्हणून मग विभागातली जुनी नऊ हजार चित्रं, नावं पुसून, कंप्यूटरला दाखवली, आणि ती बघून बघून तो स्वतःच नवी काढायला शिकला. कुठल्याच बाईची नसलेली. अच्युतचं काम एवढंच की प्रत्येक चित्र बघायचं आणि सांगायचं, खरं वाटतं की नाही. हे सगळं चांगलंच होतं, पुण्याचं काम होतं, आणि परत जाताना ई-रिक्षात बसल्यावर कांचनच्या पोटात जे पेटलं होतं त्याच्याशी याचा काही संबंध नव्हता. बायकांची छाती बघणं हा त्याचा व्यवसाय आहे हे तिनं लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच गिळून पचवलं होतं. त्या बायका गाऊन घालून, तोंड कसनुसं करून यायच्या, घाबरलेल्या असायच्या. त्यांचा काय हेवा करायचा. तिच्यासमोर तो कितीदा ती चित्रं उघडी ठेवून तिच्याशी डब्यात काय आहे यावर बोलला होता. बंद कधीच केलं नव्हतं. आज बंद केलं, आणि ज्या बाईसाठी केलं ती बाई नव्हतीच.

एप्रिलचं ऊन रिक्षाच्या उघड्या बाजूनं थेट डाव्या अंगावर येत होतं आणि मोहरी तापायला लागली होती. आठ वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे छातीची डावी बाजू काढल्यावर दुकानातली रबराची मिळत होती ती तिला घामानं टोचायची, म्हणून तिनं स्वतःच मलमलीची पिशवी शिवली आणि मोहरी भरली. वजन मोजून भरली, उजवीला उचलून, अंदाज घेऊन, पुन्हा चमचाभर काढून. मोहरीचा गुण असा की ती अंगासारखी हलते. आणि अवगुण असा की एकदा तापली की तास-दोन तास निवत नाही. दर उन्हाळ्याआधी ती मोहरी बदलायची. जुनी फेकवत नाही आणि फोडणीला घालवत नाही, म्हणून ती अंगणात चिमण्यांना टाकायची, आणि चिमण्या ती खात नसत. आज तिच्या मनात आलं, मी मोहरी भरून एक केली आणि त्या कंप्यूटरनं ढीगभर केल्या, आणि माझ्या एकीकडे बघून कोणी सुंदर बनलीय असं म्हटलं नाही. मग तिचं तिलाच हसू आलं, कारण म्हणणार कसं. बघितली होती कोणी?

तो शब्द अच्युत उधळणारा माणूस नव्हता. नागपूरला मुलगी बघायला आला तेव्हा घरी जाऊन त्यानं आईला “बरी आहे” एवढाच अहवाल दिला होता, आणि तो त्यांच्या घरात वर्षभर थट्टेचा विषय होता. अच्युतच्या आजोबांची सरकारी नोकरी राजधानीबरोबर नागपूरहून भोपाळला आली, तेव्हापासून हे कुटुंब सरकारी कागदावर लिहावं तसं मोजून बोलतं. एकदाच, तुलसी नगरच्या पहिल्या क्वार्टरमध्ये, रविवारच्या दुपारी, कूलर घरघरत असताना आणि खसाचा ओला वास खोलीभर पसरलेला असताना, त्यानं तिच्या डाव्या स्तनावर हात ठेवला होता, तळहात तसाच राहू दिला होता, आणि म्हणाला होता, “सुंदर.” ‘तू’ही नाही, ‘आहेस’ही नाही. तिनं तो शब्द सत्तावीस वर्षं जपून वापरला होता, म्हणजे मनातल्या मनात. तेव्हा ती लाजली होती आणि विचारायचं राहून गेलं होतं की नक्की काय सुंदर, मी की ही. आता त्याचा निकाल लागल्यासारखं झालं होतं.

मत्सर तिला नवा नव्हता. मुलगी अबोली लहान असताना विभागात अनुराधा नावाची परिचारिका होती, आणि तिचा गुन्हा एवढाच की ती साबुदाण्याची खिचडी फार मोकळी करायची आणि अच्युतनं हे घरी येऊन सांगितलं. कांचननं दोन महिने तिच्या नावानं बोटं मोडली, साबुदाणा भिजवायच्या तीन तऱ्हा करून बघितल्या आणि शेवटी एका चतुर्थीला विभागात डबाभर खिचडी पाठवून लढाई जिंकली. त्या मत्सराला तोंड होतं, आवाज होता, पायात चपला होत्या. या नव्या बायकांना तोंडच नव्हतं. त्यांना मशीनच्या थंडगार पाट्याला टेकून उभं राहावं लागत नव्हतं, दाबलं की दुखत नव्हतं, त्यांचे रिपोर्ट यायचे नव्हते. त्या म्हाताऱ्या होणार नव्हत्या. रोज सकाळी आयत्या तयार होऊन त्या तिच्या नवऱ्यासमोर एकामागून एक येऊन उभ्या राहत आणि तो चष्मा लावून त्यांना निरखत बसे. “आज किती झाल्या?” ती संध्याकाळी चहाबरोबर विचारायला लागली. “किती काय?” “तुमच्या त्या.” “दोनशे.” “त्यातल्या सुंदर किती?” पहिल्या दिवशी तो हसला. तिसऱ्या दिवशी हसला नाही, कप घेऊन व्हरांड्यात गेला आणि शेजारच्यांच्या पेरूच्या झाडाकडे बघत उभा राहिला. ती आतून त्याची पाठ बघत राहिली आणि तिला खात्रीच झाली की काहीतरी आहे.

ऑपरेशननंतर अकरा दिवस त्यानं स्वतः ड्रेसिंग बदललं होतं. बोटं डॉक्टरची, नजर डॉक्टरची, एकदाही अडखळली नाही, आणि तेच तिला सोसवेना. नवऱ्यानं अडखळायला हवं होतं. बाराव्या दिवशी तिनं कपडे बदलायला खोलीत जाऊन आतून कडी लावली. त्यानं बाहेरून टकटक केलं, ती “येते” म्हणाली, आणि तेव्हापासून तो रिवाजच पडला. तिनं धरून ठेवलं की याला बघायचं नाही. त्यानं काय धरून ठेवलं ते तिनं कधी विचारलं नाही. उजव्या बाजूची तपासणी दर वर्षी करायची असते, ती पहिली सहा वर्षं नेमानं झाली. दोन वर्षांपूर्वी चित्रं वाचणारे दुसरे डॉक्टर पराग इंदूरला बदलून गेले आणि सगळी चित्रं अच्युतकडेच जायला लागली, तेव्हापासून कांचनला वेळ मिळेना झाला. आधी निवडणुकीची ड्यूटी, मग अबोलीचं पुण्याचं कॉलेज, मग गुडघा. फ्रिजवर त्यानं चिकटवलेली चिठ्ठी, ‘उजवी, या महिन्यात’, दोन उन्हाळे पिवळी पडत होती. पुढच्या आठवड्यात, ती म्हणायची. आपण तपासणी टाळतोय हे तिचं तिलाही कळत होतं, आणि रात्रीच्या भाताइतकं साधं भय त्यात होतं की काही असलं तर. पण एकट्या उरलेल्या उजवीनं जाऊन त्याच्या पडद्यावर उभं राहायचं, तेही त्या सगळ्या आयत्या बायकांच्या रांगेत, हे तिला त्याहून जड जात होतं.

रविवारी सकाळी ऋचा त्यांच्या शिवाजी नगरच्या क्वार्टरवर आली. अच्युत भाजी आणायला गेला होता. कांचननं पोहे दिले, वर शेव घालून, आणि स्वतःला बजावलं की या पोरीत काही नाही, हिच्यावर जळणं म्हणजे टपालवाल्यावर रागावणं. ऋचा खाताखाताच लॅपटॉप उघडून बसली. “काकू, तुम्हीच सरांना समजावा. एक फोटो अटकलाय. चारसौ सतरा.”

“काय झालं त्याला?”

“नकल निघाली. कसं होतं, कंप्यूटर कधी कधी आळशीपणा करतो. नवीन बनवायच्या ऐवजी शिकवलेलाच एखादा घोकतो आणि थोडं इकडेतिकडे करून तोच काढून देतो. म्हणून आपण प्रत्येकाचा मिलान करतो, जुन्या नऊ हजारांशी. जास्त मिळालं तर बाहेर. कोणाचा तरी खरा फोटो आहे ना तो, तिला विचारल्याशिवाय कसा वाटणार? आणि सर तीन हफ्ते झाले म्हणतात, रहने दो. मी त्यांना इतकं जिद्दी कधी बघितलं नाही.”

“तोच का,” कांचननं विचारलं, “मी आले होते त्या दिवशीचा?”

“हां, तोच. सुंदरवाला.”

मिलान हा कांचनच्या हातचा शब्द होता. कचेरीच्या नकल शाखेत सव्वीस वर्षं तिनं दुसरं केलं काय होतं? डावीकडे मूळ कागद, उजवीकडे नक्कल, बोट ओळीवरून सरकवत न्यायचं, काना-मात्रेत फरक नसला की खाली शिक्का आणि सही. तिच्या सहीच्या नकला कोर्टात उभ्या राहत. “दाखव,” ती म्हणाली. ऋचानं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. सवयीनं कांचनचं बोट पुढे झालं, वरच्या टोकापासून खाली, शिरेला शीर, ठिपक्याला ठिपका. तिला सगळं करडंच दिसत होतं, पण करड्यालाही ओळी असतात, आणि त्या जुळत होत्या. एक जागा जरा पुसट, बाकी तंतोतंत. चांगली नक्कल होती. मग ती सवयीनंच मूळ प्रतीच्या खालची पट्टी वाचायला गेली, कारण तारीख-क्रमांक वाचल्याशिवाय मिलान पुरा होत नाही. नाव पुसलं होतं. लिहिलं होतं: नवी मशीन, क्रमांक एक. वय त्रेचाळीस. डावी.

दहा वर्षांपूर्वी ती मशीन विभागात आली त्या दिवशी सगळ्यांनी मिळून तिची पूजा केली होती. दिल्लीहून आलेला कंपनीचा माणूस नको नको म्हणत असताना नर्सांच्या मोठ्या बाईंनी मशीनच्या पांढऱ्या अंगावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, दाराशी नारळ फोडला, पेढे वाटले. आता पहिली बाई कोण, यावर सगळ्या नर्स एकमेकींना ढकलायला लागल्या. आजारी बाईपासून सुरुवात नको, घरच्या सवाष्णीपासून करायची, असं मोठ्या बाई म्हणाल्या आणि सगळ्यांनी डॉक्टरांच्या बायकोकडे बघितलं. कांचन नवी पैठणी नेसून पेढे खायला आली होती. आत पडद्यामागे ती उभी राहिली तेव्हा पाटा बर्फासारखा होता आणि तिच्या अंगाला कुंकू लागलं होतं, ओल्या स्वस्तिकाचं. बाहेर अच्युतनं पहिलं चित्र वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “स्वच्छ. आता दोन वर्षं बघायला नको.” टाळ्या वाजल्या होत्या. क्रमांक एक ती होती, दुसरी कोणी असूच शकत नव्हती.

ऋचा कधी गेली, जाताना काय म्हणाली, ते कांचनच्या कानापर्यंत पोचलं नाही. ती जेवणाच्या टेबलाशी बसून होती आणि सवत सापडल्यावर बाईला जे वाटावं ते सगळं तिला वाटत होतं, फक्त कोणाच्या झिंज्या उपटायच्या ते कळत नव्हतं. तीन आठवडे ती आपल्याच डावीवर जळत होती. कळल्यावर तरी जळणं थांबायला हवं होतं, ते वाढलं. ही तिकडे, कुंकू पुसून, त्रेचाळीस वर्षांची, निरोगी, त्याच्या पडद्यावर. आणि आपण इकडे त्रेपन्न वर्षांच्या, मोहरी भरून. तिला ठेवायला त्यानं नियम मोडला. आपल्यासाठी त्यानं कधी रजेचा अर्जसुद्धा उशिरा दिला नव्हता.

अच्युत पिशवी घेऊन आत आला. मेथीची जुडी टेबलावर ठेवताना त्यानं तिच्याकडे पाहिलं.

“क्रमांक एक,” कांचन म्हणाली.

तो खुर्चीवर बसला. चप्पलसुद्धा काढली नव्हती. “ऋचानं सांगितलं?”

“तिला काय माहीत? मी वाचलं. मला वाचता येतं, माझी नोकरी आहे ती.” तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. “मला आधी का नाही दाखवलीत?”

हे तिनं ठरवलं नव्हतं. तिला म्हणायचं होतं, लाज नाही वाटली. तिला म्हणायचं होतं, काढून टाका. पण बाहेर पडलं ते हे, आणि पडल्यावर तिला कळलं की खरं दुखणं तेच होतं. “माझी होती,” ती म्हणाली. “आठ वर्षांत मला ती स्वप्नातसुद्धा दिसली नाही. आणि तुम्ही तीन आठवडे रोज बघत होतात. एकटे.”

अच्युतनं मेथीच्या जुडीचा दोरा सोडला, पुन्हा बांधला. “पहिल्या दिवशी नुसती ओळखली,” तो म्हणाला. “तोंडातून निघून गेलं. चष्मा नव्हता तरी ओळखली. मग तू दारात उभी, मला काही सुचलंच नाही.”

“आणि नंतर?”

“नंतर शोधत होतो. दोन वर्षं बघायला नको, असं मी म्हटलं होतं ना सगळ्यांसमोर. तेव्हाच काही असेल आणि मी चुकवलं असेल तर. तुझी फाईल उघडायची हिंमत आठ वर्षांत झाली नाही, कांचन. ही आपणहून समोर आली.” त्यानं दोरा पुन्हा सोडला. “आणि ही तर पूर्ण तूही नाहीस. हिच्यात सापडलं असतं, नसतं, तरी कशाचाच पुरावा नाही. मला माहीत आहे ते. तरी बसत होतो.”

“सापडलं?”

“नाही.”

कांचनला हसू यायला लागलं आणि ते तिनं ओठ दाबून धरलं, कारण ते रडण्यासारखं वाटलं असतं. ती ज्याला प्रेम समजून जळत होती ते भय होतं. म्हणजे त्यातही तिच्या वाट्याला धड काही आलं नव्हतं. आणि त्यालाही तपासणीचं भय होतं; फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून तोही तिच्या सबबी दोन वर्षं निमूट ऐकून घेत होता. “उघडा,” ती म्हणाली. “दाखवा मला.”

त्यानं आपला लॅपटॉप आणला. चारशे सतरा क्रमांक पडदाभर उघडला, खाली दोन चौकोन, हिरवा ठेवायचा आणि लाल काढायचा. पेन घेऊन तो दाखवायला लागला. ही शीर इथून वर जाते आणि इथे वळते, अशी फार कमी जणींची वळते. हा पांढरा ठिपका निरुपद्रवी, अबोलीला पाजत होतीस तेव्हापासूनचा असणार. हा भाग दाट, म्हणून तुला पाळीच्या आधी दुखायचं. कांचन बघत राहिली. तिला एकही गोष्ट ओळखू आली नाही. जी तिनं पंचेचाळीस वर्षं अंगावर वागवली, जिला दूध आलं, जिच्यावर कुंकू लागलं, ती तिला परक्या गावाच्या नकाशासारखी वाटत होती, आणि हा माणूस त्यातली गल्लीन् गल्ली सांगत होता. तिला पुन्हा एकदा, शेवटची आणि सगळ्यात जास्त, त्याची असूया वाटली. जगात तिची डावी बाजू ओळखणारं एकच माणूस उरलं होतं आणि ते ती नव्हती.

“झालं?” तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. लाल चौकोनाकडे त्याचा हात गेला नाही. तिनं वाट पाहिली, मग त्याच्या हाताखालून माऊस काढून घेतला आणि लालवर टिचकी मारली. चारशे सतरा गेली. तिच्या जागी चारशे अठरा आली, कुठल्याच बाईची नसलेली.

“उद्या येते मी,” कांचन म्हणाली. “उजवीचं चित्र काढायला.”

“परागला बोलावून घेतो इंदूरहून. तो वाचेल. माझा काही भरवसा—”

“पराग नको. तुम्ही वाचायचं. आणि चुकलात तर चुकलात.”

ती उठून खोलीत गेली. स्वयंपाकघरातल्या उष्म्यानं ब्लाऊज पाठीला चिकटला होता आणि मोहरी निखाऱ्यासारखी तापली होती. तिनं ती पिशवी काढून हातात घेतली. कडीकडे हात गेला, तो तिनं परत घेतला. दार बोटभर उघडं राहिलं. बाहेर चपला काढल्याचा आवाज झाला, मग अनवाणी पावलं दाराशी येऊन थांबली. फट त्याला दिसत असणार, तरी त्यानं आठ वर्षांच्या सवयीनं दोनदा टकटक केलं.

“या,” कांचन म्हणाली. “चष्मा लावून या.”